फौजदाराला हवा असलेला शर्ट

घडीताईचं खरं नाव गिऱ्हाइकांपैकी कुणालाही ठाऊक नव्हतं आणि विचारायची कुणाला गरजही पडली नव्हती. तिच्या लाँड्रीतून आलेला शर्ट मोडायला माणसाचं मन धजत नसे. परीटघडी म्हणतात ती हीच, म्हणून ती घडीताई. दुकान म्हणजे पुढे इस्त्रीचं लांब टेबल, मागे धुण्याचे दोन हौद आणि त्यांच्या मागे राहायची एक खोली. आईवडील लवकर गेले, तेव्हा धाकट्या भावाला तिनं याच टेबलाखाली कपड्यांच्या गाठोड्यावर निजवून वाढवलं. कुणी लग्नाचं विचारलं की म्हणायची, "मला एक पोर आहे की, दाढीमिशा फुटलेलं." ते पोर सायकलवरून घरोघर कपडे पोचवायचं आणि तिच्या शिव्या खायचं. दोन्ही कामं ते हसतमुखानं करायचं.

तिला दोन गोष्टी सहन होत नसत, डाग आणि उशीर. शुक्रवारी देते म्हटलं की आभाळ कोसळलं तरी कपडे शुक्रवारी तयार. जगातल्या सगळ्यांनीच असं काम करावं अशी तिची साधी अपेक्षा होती, आणि जग तसं करत नाही म्हणून ती जगावर कायम चिडलेली असे.

एके दिवशी दिवेलागणीला धाकटा कपडे पोचवून परत येत होता. बाजाराच्या मागच्या वळणावर मागून आलेल्या गाडीनं त्याला उडवलं आणि गाडी न थांबता निघून गेली. बघणारं कुणी नव्हतं. आवाज ऐकून माणसं धावली तेव्हा रस्त्यावर चेपलेली सायकल, दिव्याच्या काचा आणि हा, एवढंच होतं.

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, डोक्याला मार आहे, पायाचा चुरा झालाय, जवळच्या माणसांना बोलावून घ्या. जवळचं माणूस म्हणजे ती एकटीच, आणि ती तर समोर उभीच होती. त्याच गडबडीत एका सिस्टरनं तिच्या हातात एक पिशवी दिली. आत धाकट्याचे अंगावरचे कपडे होते. सिस्टर सहीसाठी पेन शोधत होती, तेवढ्यात दुसरं स्ट्रेचर आत आलं आणि ती तिकडे धावली. सही राहिली ती राहिलीच.

सकाळी पांघरूण आणायला म्हणून घडीताई घरी आली. पिशवी हौदाच्या कठड्यावर उपडी केली. शर्ट रक्तानं कडक झालेला, खांद्यावर फाटलेला. बाहीवर एक लांब मळकट पट्टा. पँट हॉस्पिटलवाल्यांनी कात्रीनं उभी फाडलेली. तिनं क्षणभर बघितलं आणि मग तिचे हात आपोआप चालायला लागले. रक्ताला कधी गरम पाणी लावायचं नसतं, म्हणून गार पाणी आणि मीठ. पट्टा पाण्याला दाद देईना, त्याला टर्पेंटाइनचा बोळा. वाळवून फाटलेलं शिवलं, खांदा रफू केला, खळ दिली, इस्त्री केली, घडी घातली. एवढं होईपर्यंत ती रडली नाही. पांघरूण घेऊन ती परत हॉस्पिटलात गेली.

धाकटा वाचला. डॉक्टरांनाही नवल वाटलं. पण शुद्धीवर आल्यावर त्याला गाडीचा रंग आठवेना, वळण आठवेना, त्या दिवशी कुणाचे कपडे पोचवले तेही आठवेना. पाय मात्र रोज आठवण करून द्यायचा.

इथून पुढे घडीताईला एकच ध्यास लागला. ज्यानं हे केलं तो सापडला पाहिजे आणि त्यानं तिच्या भावाच्या तोंडाकडे बघितलं पाहिजे. रोज सकाळी इस्त्री तापत ठेवायची आणि ती तापेपर्यंत पोलीस ठाण्यात जाऊन यायचं, असा तिचा नेम झाला.

तपास ज्याच्याकडे होता तो फौजदार मऊ बोलणारा, डोळ्यांखाली काळं आलेला माणूस होता. घडीताईला पहिल्याच दिवशी त्याच्या शर्टाची कॉलर चुरगळलेली दिसली आणि त्याच्याविषयी तिचं मत तिथंच ठरलं.

"साहेब, कधी पकडणार?"

"बाई, तपास चालू आहे."

"चालू आहे म्हणजे कुठे चालू आहे? तुम्ही तर इथं खुर्चीत बसलाय."

फौजदार हसला नाही आणि रागावलाही नाही. रस्त्यावरच्या काचा कुठल्या बनावटीच्या दिव्याच्या ते शोधून झालं होतं. तशा दिव्याच्या गाड्या शहरात ढिगानं होत्या. एकेक गॅरेज धुंडाळायचं, दुकानांच्या कॅमेऱ्यांची चित्रं मागवायची, ती मिळेपर्यंत वाट बघायची, मिळाली की त्यात अंधाराशिवाय काही नसायचं. त्यातच त्याच्याकडे एक घरफोडी, एक हरवलेली मुलगी आणि बंदोबस्ताच्या पाळ्या. हे सगळं त्यानं तिला सांगितलं. तिला त्यातलं एकच ऐकू आलं, की अजून सापडला नाही.

गिऱ्हाइकांकडून मग तिच्या कानावर आलं, की चौकातल्या फर्निचरवाल्यानं अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी आपल्या पांढऱ्या गाडीचा पुढचा दिवा बदलला. झालं. उचलली जीभ लावली टाळ्याला! इस्त्रीला आलेल्या प्रत्येक माणसाला ती कपड्यांबरोबर ही बातमीही घडी घालून देऊ लागली. फर्निचरवाला ज्याला त्याला सांगत राहिला, की दिवा माझ्या जावयानं फाटकावर आपटून फोडला. पण जावयानं फोडलेल्या दिव्यावर कोण विश्वास ठेवतो? त्याच्या दुकानाची काच कुणीतरी दगड मारून फोडली. तो बिचारा मान खाली घालून रस्ता ओलांडायला लागला.

"त्याला का आत टाकत नाही?" तिनं ठाण्यात टेबलावर हात आपटून विचारलं. "की तुमचं आणि त्याचं काही आहे?"

फौजदारानं पहिल्यांदाच तिच्याकडे रोखून बघितलं. "बाई, तसाच दिवा फुटलेली आणखी एक गाडी आहे. बर्फ कारखान्याची, राखी रंगाची. मालक म्हणतो, माल चढवताना धक्क्याला घासली. दोघांपैकी एक खरं बोलतोय. मी चुकीच्या माणसाला उचललं तर खरा माणूस कायमचा सुटेल. गाडीचा रंग घासून कपड्यावर लागतो, तो प्रयोगशाळेत जुळवता येतो. मला तुमच्या भावाच्या अंगावरचे कपडे हवेत. सुरुवातीलाच ताब्यात घ्यायला हवे होते, ती आमची चूक. आता सांगा, कुठे आहेत?"

बाहीवरचा तो पट्टा, टर्पेंटाइनचा बोळा आणि त्या बोळ्यावर उतरलेला मळ घडीताईला एका क्षणात दिसला.

"मला काय माहीत?" ती म्हणाली. "हॉस्पिटलनं दिलेच नाहीत."

असं ती का बोलली, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. माणूस घाबरला की पहिल्यांदा कानावर हात ठेवतो, आणि एकदा ठेवले की ते काढायची लाज वाटते. वेळ मारून नेली, एवढंच तिला तेव्हा वाटलं.

आता तपास कपड्यांच्या मागे लागला. फौजदारानं हॉस्पिटलला लिहिलं. हॉस्पिटलानं कोठी शोधली, जाळायचा कचरा नेणाऱ्या माणसाला विचारलं, उलट उत्तर धाडलं, फौजदारानं पुन्हा लिहिलं. आठवडे असे गेले. आणि कपडे कुठे, तर घडीताईच्या दुकानात वरच्या फळीवर, कागदात गुंडाळून, शंभर लोकांच्या कपड्यांच्या मधोमध! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. कपडे लपवायला लाँड्रीसारखी जागा दुसरी नाही, आणि झोप उडवायलाही नाही. कुणी त्या फळीकडे नुसती मान वर केली तरी तिची पाचावर धारण बसायची. ते जाळून टाकावेत असं तिच्या मनात दोनदा आलं. दोन्ही वेळा तिनं गठ्ठा खाली काढला, शर्टाचा खांदा चाचपला आणि परत वर ठेवला.

ठाण्यात जाणं तिनं कमी केलं. धाकटा आता कुबड्या घेऊन घरी आला होता आणि टेबलाजवळ बसून दिवसभर रस्त्याकडे बघायचा. हसणं त्याचं गेलं होतं.

"ताई, आज काही बोलला का गं फौजदार?"

"चालू आहे म्हणाला."

"झोपलेत लेकाचे. गरिबाची सायकल मोडली, कुणाला काय पडलंय त्याचं."

एरवी घडीताईनं त्याच्यापेक्षा दोन शिव्या जास्त घातल्या असत्या. आता ती इस्त्रीवर पाणी शिंपडायची आणि वाफेच्या आड तोंड फिरवायची. भाऊ पोलिसांना जी शिवी देई ती आपल्यालाच बसते, हे तिला कळत होतं आणि जळत होतं.

अशात एके दुपारी दुकानात एक बाई आली. तिच्या हातात पांढरा गणवेश होता. घडीताईनं तिला लगेच ओळखलं. ती पिशवी देणारी सिस्टर होती. चेहरा अगदी उतरला होता. धाकटा आत खोलीत पडला होता, तेवढं एक बरं.

"उद्या सकाळी हवाय," सिस्टर म्हणाली. "जरा कडक करा. उद्या माझी चौकशी आहे. निदान कपडे तरी नीट दिसू देत."

"कसली चौकशी?" घडीताईनं विचारलं, जसं काही माहीतच नाही.

"तुमच्या भावाचे कपडे हरवल्याची. त्या दिवशी मी कामावर होते. सही नाही, नोंद नाही. पुरावा गहाळ केला म्हणतात. कुणाकडून काही घेऊन केला असंही बोलतात." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. "मी पिशवी तुमच्याच हातात दिली होती ना हो? मला तसंच आठवतंय. पण तुम्ही नाही म्हणालात असं ते सांगतात. एवढं दुःख झालेली बाई कशाला खोटं बोलेल? मग मलाच वाटायला लागलं, मी दुसऱ्याच कुणाला दिली असेल. रात्रंदिवस तेच डोक्यात. मला आता माझंच खरं वाटेनासं झालंय."

घडीताईनं गणवेश टेबलावर पसरला आणि इस्त्री टेकवली. करपल्याचा वास आला तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं, की हात हललाच नाही. बाहीवर पिवळा डाग उठला होता. इतक्या वर्षांत तिच्या हातून एकाही कपड्याला चटका बसला नव्हता.

"अगं बाई," सिस्टर म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

घडीताईनं इस्त्री उभी केली, स्टुलावर चढून कागदातला गठ्ठा काढला आणि सिस्टरचा हात धरला. "चला माझ्याबरोबर. ठाण्यात." दुकान उघडं टाकून ती निघाली. आता थांबले तर पुन्हा कधी निघणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

फौजदारासमोर तिनं गठ्ठा ठेवला. "सिस्टरनं माझ्याच हातात दिले होते. मी खोटं बोलले. मी ते धुतलेत."

फौजदारानं कागद उलगडला. पांढराशुभ्र, खळ दिलेला, धारदार इस्त्रीचा शर्ट त्याच्या पुढ्यात होता. तो ओरडेल, आत टाकेल, असं काहीतरी करेल म्हणून ती उभी होती. त्यानं डोळे चोळले फक्त.

"बाई, हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, तर मी तुम्हाला एक शब्द बोललो नसतो. घरचे लोक धुतात. रक्त बघवत नाही कुणाला. पण खोट्याच्या मागे मी किती हिंडलो, काही कल्पना आहे? तेवढ्यात त्या दोन्ही गाड्या रंगवून झाल्या. बर्फ कारखान्याचा ड्रायव्हर नोकरी सोडून गेला. त्याला शोधायचं की हॉस्पिटलची कोठी शोधायची?"

त्यानं शर्टाची बाही हातात घेतली.

"बाहीवर काही होतं?"

"पट्टा होता. मळकट. मला वाटलं, रस्त्याचा मळ." ती आठवत राहिली. बोळ्यावर उतरलेला रंग तिच्या डोळ्यांपुढे होताच, इतके दिवस तिनं त्याच्याकडे बघायचं टाळलं होतं. "राखी होता साहेब. पांढरा नव्हता."

म्हणजे फर्निचरवाला नव्हता. हे तिच्या तोंडातून बाहेर पडलं आणि तिचं तिलाच ऐकवेना.

"मग धरा ना त्या ड्रायव्हरला!"

"तुमच्या आठवणीवर? काल नाही म्हणालात, आज हो म्हणताय. कोर्ट विचारेल, उद्या काय म्हणाल?" त्यानं पँट उचलून बघितली. जुन्या धाटणीची होती, पायाला बाहेरून दुमड असलेली. "ही दुमड उलटी केली होती धुताना?"

"फाटलेलं शिवायच्या नादात राहून गेली," ती खालमानेनं म्हणाली. एरवी ही कबुली तिनं जीव गेला तरी दिली नसती.

"तर मग तिच्या आत काही राहिलं असेल, प्रयोगशाळा बघेल. तिथंही रांग आहे. विचारायला रोज येऊ नका. आणि सिस्टरचं मी आजच लिहून देतो."

सिस्टर ठाण्याच्या पायरीवर बसून रडली. घडीताई तिच्या शेजारी बसली. तिला माफी मागायची होती, पण शब्द सापडेना, म्हणून ती एवढंच म्हणाली, "गणवेश मी नवा शिवून देते." सिस्टरनं नुसती मान हलवली आणि उठून गेली. क्षमा केली असं काही ती म्हणाली नाही.

मग पुन्हा वाट बघणं सुरू झालं. पण आता घडीताईला शिव्या द्यायला कुणी उरलं नव्हतं. उशीर म्हणजे कुणीतरी खुर्चीत बसलंय, असं तिला वाटायचं. त्या उशिरात तिचा स्वतःचा वाटा किती होता हे कळल्यावर ती गप्प झाली. एकदा ती फर्निचरवाल्याच्या दारात जाऊन उभी राहिली आणि भर दुकानात म्हणाली, "तुमची गाडी नव्हती. मी चुकले." त्यानं नवीन काचेकडे बोट दाखवलं आणि पाठ फिरवली. बरोबरच होतं त्याचं.

अहवाल आला तो थंडी संपता संपता. दुमडीत कापसाच्या धाग्यांना चिकटून रंगाचे बारीक कण मिळाले होते. बर्फगाडीचा रंग वरून बदलला होता, पण बिजागरीच्या आत जुना राखी तसाच होता. दोन्ही जुळले. ड्रायव्हर दुसऱ्या गावी मेव्हण्याकडे सापडला आणि दोन प्रश्नांत रडायला लागला. फौजदार स्वतः दुकानात सांगायला आला. धाकटा तेव्हा पायाच्या व्यायामाला गेला होता. घडीताईनं फौजदाराला खुर्ची दिली आणि त्याची कॉलर न बघता हात जोडले.

"अजून संपलं नाही," तो म्हणाला. "खटला उभा राहील. त्याचा वकील पहिला प्रश्न विचारेल, कपडे इतके दिवस कुठे होते आणि का धुतले? तुम्हाला पिंजऱ्यात उभं राहून सांगावं लागेल. भाऊही तिथं असेल. त्याला माहीत आहे?"

तिनं नाही म्हणून मान हलवली.

"त्याला हे पहिल्यांदा कोर्टात कळू देऊ नका," फौजदार म्हणाला आणि उठला.

धाकटा आला. ड्रायव्हर सापडल्याचं ऐकून त्यानं कुबडी टेबलावर आपटली आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा हसला. "आता बोल! इतके दिवस कुठे झोपले होते हे पोलीस?"

"झोपले नव्हते," घडीताई म्हणाली. "माझ्यामुळे अडले होते." आणि तिनं सगळं सांगितलं. पिशवी, हौद, टर्पेंटाइन, खोटं बोलणं, सिस्टर. काही म्हणजे काही वगळलं नाही.

धाकट्याचं हसू गेलं. "म्हणजे मी इथं बसून त्यांना शिव्या घालत होतो, आणि तू ऐकत होतीस?"

"हो."

"तो माणूस मोकळा फिरत होता तो तुझ्यामुळे?"

"हो रे."

त्यानं कुबडी जवळ ओढली. आता हा उठेल आणि जाईल, असं तिला वाटलं. जाईल कुठे, कुबड्यांवर, याचीही काळजी तिला त्याच वेळी वाटली. आई नसून आई झालेल्या बाईची ही अशी पंचाईत असते.

"धुतलास कधी?" त्यानं एकदम विचारलं.

"दुसऱ्या दिवशी सकाळी."

"त्या दिवशी डॉक्टर काय म्हणाले होते? मला कधी सांगितलं नाहीस तू."

आज खोटं बोलायची सोय नव्हती. "जवळच्या माणसांना बोलावून घ्या म्हणाले."

"असं म्हणाले, आणि तू घरी येऊन माझा शर्ट धुतलास?"

"हो."

"रफू केलास? खळ दिलीस? इस्त्री केलीस?"

"मग काय करू?" ती एकदम भडकली, तिच्या नेहमीच्या आवाजात. "हॉस्पिटलातून घरी येताना काय उघडा आला असतास?"

धाकट्यानं हात लांब करून तिचा हात धरला. इस्त्रीचे चटके खाल्लेली ती बोटं त्यानं आपल्या गालाला लावली.

"ताई," तो म्हणाला, "वकिलानं विचारलं तर हेच सांग."

आणि इतके महिने न रडलेली घडीताई, समोर गिऱ्हाईक गाठोडं घेऊन उभं असताना, टेबलावर डोकं टेकून मोठ्यानं रडली.